लेखन यंत्राकडून तपासून घेण्यापेक्षा विद्यार्थ्याशी बोला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन-तीन वर्षांत प्राध्यापकांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आहे. विद्यार्थ्यांनी जमा केलेले स्वाध्याय, प्रकल्प आणि लघुप्रबंध त्यांनी स्वतः लिहिले आहेत की चॅटजीपीटी, जेमिनी यांसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून लिहून घेतले आहेत, हे ओळखायचे कसे? त्यावर सुचवला जाणारा उपायही बहुतेक वेळा ठरलेला असतो: असे लेखन पकडणारी संगणकप्रणाली विकत घ्यावी, तिने दिलेली टक्केवारी पाहावी आणि ठरावीक मर्यादेच्या वर गेलेले काम परत करावे. मराठवाड्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणारा अध्यापक म्हणून मला हा उपाय चुकीचा आणि आपल्या विद्यार्थ्यांवर अन्याय करणारा वाटतो. त्याची कारणे आपल्या वाचकांपुढे, विशेषतः पालक आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांतील सदस्यांपुढे, मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२३ च्या अखेरीस, ते तयार करणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारे एक साधन प्रसिद्ध केले. कंपनीने स्वतःच जाहीर केले होते की, हे साधन यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के मजकूर ओळखते आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवते. अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ते बंद करण्यात आले. ज्यांनी यंत्र घडवले, त्यांनाच त्याचे लेखन खात्रीने ओळखता आले नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन या वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या प्रणालीतील कृत्रिम बुद्धिमत्ता ओळखण्याची सोय बंद केली. त्यामागचा त्यांचा हिशेब साधा होता. आदल्या वर्षी त्या विद्यापीठाने या प्रणालीकडून सुमारे ७५ हजार निबंध तपासून घेतले होते. चुकीचा आळ येण्याचे प्रमाण कंपनी म्हणते तसे एक टक्काच धरले, तरी साडेसातशे निबंधांवर ‘हे यंत्राने लिहिले’ असा खोटा शिक्का बसला असता. आपल्याकडील एकेका विद्यापीठाशी शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत आणि विद्यार्थिसंख्या लाखांत आहे. तेथे हा एक टक्का किती विद्यार्थ्यांच्या वाट्याला येईल, याचा विचार खरेदीची निविदा काढण्यापूर्वी व्हायला हवा.

त्याहून महत्त्वाची बाब आपल्या विद्यार्थ्यांशी थेट निगडित आहे. २०२३ मध्येच स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशा सात प्रणाली तपासून पाहिल्या. अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध या प्रणालींनी जवळजवळ अचूकपणे माणसांचे म्हणून ओळखले. पण इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले निबंध त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा त्यातील सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. याचे कारण या प्रणालींच्या रचनेतच आहे. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज जितका सहज करता येतो, तितका तो मजकूर त्यांना यंत्राचा वाटतो. ज्याचा शब्दसंग्रह मर्यादित आहे, जो चुकण्याच्या भीतीने लहान, सरळ आणि पाठ झालेली वाक्येच वापरतो, त्याचे खरे लेखन त्यामुळे संशयास्पद ठरते. दहावी-बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पदवीला अचानक इंग्रजीतून लिहावे लागणारा आपला विद्यार्थी अगदी असाच लिहितो. रात्र रात्र जागून, शब्दकोश समोर ठेवून चार पाने स्वतः लिहिणाऱ्या मुलीला ‘हे तुझे नाही’ असे संगणकाच्या भरवशावर सांगणे म्हणजे तिचा पुन्हा लिहिण्याचा धीर कायमचा खच्ची करणे आहे. आणि ज्याला खरोखरच फसवायचे आहे, तो यंत्राचा मजकूर दुसऱ्या यंत्रातून फिरवून घेतो आणि सहीसलामत सुटतो.

आरोप झालेल्या विद्यार्थ्याच्या हाती बचावाचे काय साधन असते, हाही प्रश्न आहे. उचललेल्या मजकुराचे मूळ पुस्तक किंवा लेख दाखवता येतो, दोन्ही मजकूर शेजारी ठेवून शहानिशा करता येते. यंत्राने लिहिल्याच्या आरोपात मूळ असे काही नसतेच. एका प्रणालीने काढलेला आकडा असतो आणि तो कसा निघाला हे प्राध्यापकालाही सांगता येत नाही. हरियाणातील एका खासगी विद्यापीठाच्या विधी शाखेतील विद्यार्थ्याला अशाच आरोपावरून अनुत्तीर्ण करण्यात आल्यावर त्याने २०२४ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात दाद मागितली आणि विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्यावर ते प्रकरण संपले. तो विद्यार्थी कायदा शिकलेला होता. आमच्या तालुक्याच्या गावातील द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याने कोणत्या न्यायालयात जावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे विनियमही येथे पुरे पडत नाहीत. त्यांचा सारा भर मजकुराच्या आधीच्या लेखनाशी असलेल्या साधर्म्यावर आहे. दहा टक्क्यांपर्यंत साधर्म्य असेल तर शिक्षा नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे आणि त्यानुसार वाढत जाणारी कारवाई, अशी त्यांची मांडणी आहे. यंत्र मात्र प्रत्येक वेळी नवी वाक्यरचना करून देते. त्यामुळे संपूर्णपणे यंत्राने लिहिलेला प्रबंधही साधर्म्याच्या कसोटीवर निर्दोष ठरू शकतो आणि त्याला प्रमाणपत्रही मिळू शकते. हे विनियम तयार झाले तेव्हा ही साधने नव्हती, त्यामुळे ते करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र आज त्यांच्या आधारे ‘आमच्याकडे सर्व तपासणी होते’ असे सांगणे रास्त नाही.

मग या साधनांवर बंदी घालावी काय? ती अमलात आणता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या अशाच साधनाची सशुल्क सेवा वर्षभर विनामूल्य दिली. ऑक्टोबरच्या अखेरीस जिओने जेमिनीची सशुल्क सेवा अठरा महिन्यांसाठी विनामूल्य द्यायला सुरुवात केली आणि ती सर्वांत आधी १८ ते २५ या वयोगटाला दिली. हे वय म्हणजे नेमके महाविद्यालयाचे वय. ज्या घरात पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त एक पुस्तक नाही, त्या घरातील मुलाच्या हातातल्या मोबाइलवर आज हे साधन आहे, आणि त्याचा त्याला खरा उपयोगही होतो. इंग्रजीतील अवघड उतारा मराठीत समजावून घेणे, वर्गात विचारायला संकोच वाटलेली शंका विचारणे, स्वतः लिहिलेल्या अर्जातील व्याकरण तपासून घेणे, या गोष्टींत मला काहीही गैर दिसत नाही. शहरातील सुस्थितीतल्या मुलाला हे साहाय्य पूर्वीपासून घरातल्या शिकलेल्या माणसांकडून आणि खासगी शिकवणीतून मिळतच होते. ते आता आमच्या विद्यार्थ्यालाही मिळते याचा मला आनंदच आहे.

हेही स्पष्टपणे बोलले पाहिजे की, आयते लेखन जमा करण्याची सवय चॅटजीपीटीने लावलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण अभ्यास अनिवार्य झाला, त्यात परिसरात जाऊन पाहणी करणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात काय झाले, हे महाराष्ट्रातील कोणत्याही पदवीधराला विचारावे. महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पर्यावरणाचा प्रकल्प तयार मिळू लागला. नदीचे प्रदूषण, घनकचरा व्यवस्थापन, जवळच्या देवराईची पाहणी असे विषय, वरचे पान बदलायचे आणि आत प्रमाणपत्र लावायचे. तो कोणी वाचत नसे, म्हणूनच तो विकला जाई. गाइडमधील उत्तर जसेच्या तसे उतरवणाऱ्याला चांगले गुण मिळत आणि अडखळत का होईना स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्याला कमी मिळत. लेखन म्हणजे ठरावीक पानांचा ऐवज भरून देणे, हे आपण विद्यार्थ्यांच्या मनावर वर्षानुवर्षे बिंबवले. आता तोच ऐवज एका मिनिटात तयार होतो, एवढाच फरक पडला आहे. जे काम कोणी वाचणारच नाही, त्यासाठी यंत्र वापरणाऱ्या विद्यार्थ्याला नैतिकतेचे धडे देण्याचा अधिकार व्यवस्थेला पोचत नाही.

तरीही या बदलात फार मोलाचे काही हातातून जात आहे आणि ते मला रोज दिसते. राज्य शासनाने २०२३ मध्ये नवीन शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमाची जी चौकट लागू केली, तिच्यात क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग उपक्रम आणि कार्यप्रशिक्षण यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. ही तरतूद चांगली आहे, कारण विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडून पाहावे, विचारावे आणि लिहावे असा तिचा हेतू आहे. आमच्या भागात ऊसतोड कामगारांचे स्थलांतर हा साहजिकच अनेकांचा विषय असतो. त्यावर जमा होणाऱ्या प्रकल्पांत अलीकडे एकसारखी वाक्ये दिसतात: स्थलांतरामुळे मुलांच्या शिक्षणावर प्रतिकूल परिणाम होतो, महिलांच्या आरोग्याचे प्रश्न गंभीर आहेत, शासन आणि समाज यांनी एकत्रित प्रयत्न करण्याची आवश्यकता आहे. वाक्ये शुद्ध असतात, मुद्दे ओळीने असतात आणि खोटे त्यात काहीच नसते. पण हे लिहून आणणाऱ्यांपैकी कित्येकांचे आईवडील त्या वेळी सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडावर असतात. त्यांना मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठाऊक असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे एकटीला उचल मिळणे किती अवघड, हे त्यांनी घरात पाहिलेले असते. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते, हातातोंडाची गाठ घालायला वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा हिरवा चारा, विकून किती मिळतात, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, रात्र कशी जाते आणि आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या मुलाची दिवाळीनंतरची सहामाही कशी जाते, हे सर्व त्यांना स्वतःच्या जगण्यातून ठाऊक असते. समाजशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकाला हेवा वाटावा असे हे ज्ञान आहे, आणि त्यातले एक अक्षरही प्रकल्पात येत नाही.

ते का येत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विद्यार्थी आळशी आहेत हे त्याचे उत्तर नाही. आपल्या घरातले आणि आपल्या बोलीतले हे सांगणे ‘अभ्यास’ या सदरात बसते असे त्यांना कधी कोणी सांगितलेलेच नसते. यंत्राची भाषा त्यांना स्वतःच्या भाषेपेक्षा अधिक शिकलेली, अधिक गुण मिळवून देणारी वाटते. पूर्वी हा मान गाइडच्या भाषेला होता. स्वतः पाहिलेली गोष्ट वाक्यात मांडताना माणूस अडतो, दोन गोष्टींचा संबंध कसा लागतो हे शोधतो, लिहिलेले खोडतो, आणि त्या अडण्यातच त्याला आपल्या अनुभवाचा अर्थ कळू लागतो. उचलीची रक्कम आणि बहिणीचे शाळा सोडणे या दोन गोष्टी एका परिच्छेदात मांडायला बसलेली विद्यार्थिनी त्या क्षणी समाजशास्त्र शिकत असते. आयता परिच्छेद मिळाला की तो क्षण येतच नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रश्नात मला सर्वाधिक चिंता याची वाटते; गुणांतील फसवणूक त्यामानाने दुय्यम आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रणालींवर खर्च करायचा पैसा आणि वेळ विद्यार्थ्याशी समोरासमोर बोलण्यासाठी वापरावा. स्वाध्याय किंवा प्रकल्प जमा झाल्यावर दहा मिनिटे विद्यार्थ्याशी त्याच्याच लेखनाविषयी बोलले, की सारे उलगडते. हे गाव तू का निवडलेस, ही माहिती तुला कोणी दिली, तिसऱ्या पानावर तू असे म्हणतोस आणि शेवटी त्याच्या उलट म्हणतोस ते कसे, एवढे तीन प्रश्न पुरे होतात. यंत्राची मदत घेऊनही ज्याने विषय आत्मसात केला आहे, तो उत्तरे देतो. ज्याने काहीच केलेले नाही, तो गप्प होतो. कोणावरही आळ घ्यावा लागत नाही. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकाच्या वेळी तोंडी परीक्षा पूर्वीपासून आहे. कला आणि वाणिज्य शाखांना ती पद्धत नवीन वाटण्याचे कारण नाही.

यासाठी लागणारा वेळ मात्र प्रामाणिकपणे मोजला पाहिजे. एका तुकडीत १२० विद्यार्थी असतील, तर प्रत्येकी दहा मिनिटांप्रमाणे एका विषयासाठी २० तास लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यापकांविषयीच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला प्रत्यक्ष अध्यापन करायचे ते १६ तास. म्हणजे एकाच तुकडीच्या एकाच विषयासाठी आठवड्याभराच्या अध्यापनाहून अधिक वेळ द्यावा लागतो, आणि प्रत्येकाकडे अशा कितीतरी तुकड्या असतात. त्यातही राज्यभर पूर्णवेळ जागा रिक्त ठेवून तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडून काम भागवले जात आहे. ज्याला घेतलेल्या तासाचेच मानधन मिळते आणि तेही महिनोन्महिने रखडते, त्याच्याकडून विद्यार्थ्याच्या लेखनावर तासन्‌तास चर्चेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे शिक्षकांची गरज कमी होईल असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाहावा. पूर्णवेळ प्राध्यापकभरती हा या प्रश्नाचा गाभा आहे असे माझे ठाम मत आहे. ती झाल्याशिवाय बाकीचे सर्व उपाय कागदावर राहतील.

तोवर काहीच करता येणार नाही असे नाही. अंतर्गत मूल्यमापनातील काही लेखन वर्गातच, अध्यापकासमोर करून घेता येईल. ज्यांना लेखनिक किंवा वाढीव वेळ मिळण्याचा हक्क आहे, त्यांना तो तेथेही द्यावा लागेल. प्रकल्पाच्या अंतिम प्रतीसोबत क्षेत्रभेटीच्या हस्तलिखित नोंदी आणि पहिला खर्डा मागता येईल आणि काही गुण त्या खर्ड्याला ठेवता येतील. ‘स्थलांतराची कारणे व परिणाम लिहा’ असा प्रश्न देण्याऐवजी ‘तुमच्या गावातील तीन कुटुंबांशी बोला आणि त्यांच्या सांगण्यात कोठे फरक पडतो ते लिहा’ असा प्रश्न देता येईल. विद्यार्थ्याने यंत्राची मदत कशासाठी घेतली हे शेवटी दोन ओळींत नमूद करावे, आणि तसे नमूद केल्याबद्दल त्याचे गुण कापले जाणार नाहीत, असा स्पष्ट नियम प्रत्येक विद्यापीठाने करावा. आज नियमच नसल्याने एका वर्गात जे चालते ते दुसऱ्या वर्गात गुन्हा ठरते आणि विद्यार्थी सर्वांपासूनच लपवू लागतो.

पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या पातळीवर सावधगिरी अधिक हवी, कारण ही साधने अस्तित्वात नसलेले ग्रंथ आणि लेख खऱ्यासारखे रचून देतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एक प्राप्तिकर आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले न्यायनिर्णय मुळात अस्तित्वातच नव्हते. शासकीय आदेशात हे होऊ शकते, तर प्रबंधाच्या संदर्भसूचीत ते होणार नाही असे कोणी समजू नये. मार्गदर्शकाने सूचीतील निदान काही ग्रंथ विद्यार्थ्याला प्रत्यक्ष घेऊन यायला सांगावे आणि मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकाने त्यावर प्रश्न विचारावेत. आज ही मौखिकी पुष्कळदा सत्कारसमारंभासारखी उरकली जाते, ती खऱ्या अर्थाने परीक्षा व्हावी.

येत्या शैक्षणिक वर्षाचे मूल्यमापन आराखडे ठरवताना राज्यातील विद्यापीठांच्या विद्या परिषदांनी क्षेत्रीय प्रकल्पासाठी तोंडी परीक्षा अनिवार्य करावी, तिचे तास प्राध्यापकाच्या कार्यभारात धरावेत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांना त्या तासांचे मानधन द्यावे, अशी माझी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती आहे. शोधक प्रणालीच्या खरेदीचे प्रस्ताव ज्या महाविद्यालयांत विचाराधीन आहेत, तेथील व्यवस्थापनांनी निर्णयापूर्वी विद्यार्थी प्रतिनिधींनाही बैठकीला बोलवावे.

आपला विश्वासू,
समाजशास्त्राचा एक अध्यापक, मराठवाडा